येणारं, जाणारं आणि तिसरं

“नेर्मिन, तुझी प्रोसेस स्वतःशीच बोलायला लागलीय,” क्रोमर म्हणाला. “अगदी माझ्या सासूसारखी.”

मी अजून कोटही काढला नव्हता. क्रोमर आमच्या विभागाचा प्रमुख. हातात अर्धा खाल्लेला प्रेत्सेल पाव घेऊन तो माझ्या टेबलाला टेकून उभा होता, म्हणजे बातमी वाईट असली तरी स्वारी खूश होती. चूक दुसऱ्याची असली की त्याच्या चेहऱ्यावर रंग चढतो. मी हसले, पण माझ्या कानात बाबांचं सकाळचं वाक्य अडकून बसलं होतं. युंगबुश वस्तीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, ऑलिव्हची बी बशीच्या कडेला ठेवत, चहाच्या ग्लासात बघत ते म्हणाले होते, “डॉक्टरला सांग, नको.” एवढंच. मग चीजचा मोठा तुकडा त्यांनी माझ्या बशीत सरकवला, जणू मी अजून लहानच आहे. त्यांची मूत्रपिंडं थकली आहेत. डायलिसिस करायचं की नाही, हे आज दुपारी डॉक्टर हॉर्नुंगना सांगायचं होतं. करायचं तर आधी हातावर लहान शस्त्रक्रिया करून दंडाखालच्या शिरा जोडून घ्याव्या लागतात, त्या तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ आता फारसा उरलेला नव्हता. नाही करायचं तर, डॉक्टरबाई मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या, पुढचा हिवाळा धरून चालू नका. हे त्या जर्मनमध्ये म्हणाल्या आणि मी बाबांना तुर्कीत सांगितलं. सांगताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. घरी येऊन मी जेवले, झोपले, आणि दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना सुरी हातात धरून किती तरी वेळ तशीच उभी राहिले.

“ऐकतेयस ना?” क्रोमर म्हणाला. “सकाळपासून एकच पंप पुन्हा पुन्हा मागवला जातोय. मागवणारा कुणी नाही.”

आमची कंपनी पंप बनवते. कारखान्यांचे, तळघरांचे, दारूच्या भट्ट्यांचे. पंप बनवणं जुनं काम आहे, त्यात मला काही कळत नाही. माझं काम यंत्रांमधल्या बोलण्याचं. गिऱ्हाईकाच्या संगणकाकडून मागणी येते, राइनपलीकडच्या गोदामाकडून माल आहे असा निरोप येतो, ट्रकवाल्याकडून गाडी अमक्या दिवशी मिळेल असा निरोप येतो. तिघं तीन भाषा बोलतात, तिघांना एकमेकांची ओळख नाही, आणि कोण आधी बोलेल याचा नेम नाही. म्हणून मध्ये एक प्रोसेस बसवलेली असते. ती मागणी घेते, गोदामाला आणि ट्रकवाल्याला कळवते, आणि मग नुसती वाट बघते. उत्तरं आली की कुठलं उत्तर कुठल्या मागणीचं ते ओळखते, सगळी जमली की गिऱ्हाईकाला एकच शहाणं उत्तर पाठवते. आता प्रत्येक निरोपाला एक इंटरफेस लागतो. मी मनातल्या मनात त्याला दार म्हणते. टोकाच्या यंत्रांची दारं एका बाजूला उघडतात. एक येणारं, एक जाणारं. पण प्रोसेसच्या आत ही दोन्ही चालत नाहीत. तिथे तिसरंच लागतं, अमूर्त. त्याला दिशा नसते. त्याच्यामागे कुणी लिहिलेला प्रोग्राम नसतो, ते कुठल्याही यंत्रात राहत नाही, त्यातून कुठला निरोप जाईल एवढंच फक्त ठरलेलं असतं. त्याच दारातून मागणी आत येते आणि त्याच दारातून ती बाहेर जाते. पहिल्यांदा हे शिकले तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि कॉफी प्यायला गेले. मी बसून राहिले. अंगावर काटा आला होता, आणि का ते मला सांगता येत नव्हतं. शिकवणाऱ्याला वाटलं मला समजलं नाही, त्याने बिचाऱ्याने परत पहिल्यापासून सांगितलं.

क्रोमरला ते तिसरं दार कधीच आवडलं नाही. आज तर त्याला निमित्तच मिळालं. सगळ्यांना फळ्यासमोर जमवून त्याने माझं चित्र काढलं, टोकाची यंत्रं निळ्या रंगात, मधली प्रोसेस तिच्या तिसऱ्या दारासकट लाल गोलात, आणि पेन खडूसारखा धरून त्या गोलावर टेकवून मला विचारलं, “हे कुणाचं?”

“कुणाचंच नाही,” मी म्हटलं.

“नेर्मिन, जर्मनीत कुणाचंच नाही असं काही नसतं. कचऱ्याच्या डब्यालासुद्धा मालक असतो. हे पाठवणाऱ्याचं की घेणाऱ्याचं?”

“दोघांचंही नाही.”

“मग ते आहे तरी कशाला?”

सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. मी खोकल्याचं सोंग केलं, पाणी प्यायले. त्याने विचारलं होतं एका गोलाबद्दल. काल, परवा, कधीही विचारलं असतं तर मी त्याला व्यवस्थित पाठ दिला असता. पण आज सकाळी स्वयंपाकघरात माझ्या हातात एक ‘नको’ ठेवलेलं होतं, ते दुपारपर्यंत सांभाळून न्यायचं होतं, आणि ते माझं नव्हतं. ते डॉक्टरचंही नव्हतं अजून. फळ्यावरच्या त्या लाल गोलाकडे बघताना मला एकदम कळलं की मी याला पहिल्या दिवशी का ओळखलं होतं. इतकं सोपं होतं आणि इतकी वर्षं लागली. मी जागेवर येऊन बसले.

नऊ वर्षांची असताना मी पहिल्यांदा बाबांबरोबर विमा कचेरीच्या खिडकीपुढे उभी राहिले. बाबा ओतशाळेत होते, वितळलेल्या लोखंडापाशी, आणि त्यांची पाठ धरली होती. खिडकी उंच होती, मला टाचा उचलाव्या लागत. पलीकडच्या माणसाने विचारलं, काय तक्रार आहे? बाबा तुर्कीत बोलले आणि मी जर्मनमध्ये म्हणाले, “मी अकरा वर्षं ओतशाळेत काम करतो. मला आता वाकता येत नाही. रात्री माझ्या बायकोला मला कुशीवर वळवावं लागतं.” तो माणूस हसायला लागला. शेजारच्या खिडकीतल्या बाईला बोलावून म्हणाला, ऐक, ही पोरगी काय म्हणते. मला कळेना हसण्यासारखं काय आहे. ‘माझे बाबा असं म्हणतात’ असं सुरुवातीला जोडायचं मला सुचलंच नव्हतं, आणि पुढेही मी ते कधी जोडलं नाही, कारण बाबा तसं म्हणतच नव्हते. ते म्हणत होते, मी. त्या खिडकीपुढे माझी पाठ खरोखर दुखत होती. घरी येताना बाबांनी मला भाजलेले चेस्टनट घेऊन दिले, त्याचा गरम कागद मी कोटाच्या आत धरला. ह्या कामात एक विलक्षण गोष्ट आहे हे मला तेव्हाच समजलं होतं. बाबांच्या तोंडून जे कधी माझ्याशी बोललं गेलं नसतं ते माझ्यातून जात होतं. घरात ते दोन शब्दांचे धनी. मीठ दे, दार लाव. खिडक्यांपुढे मात्र त्यांचं सगळं आयुष्य माझ्या जिभेवरून गेलं, त्यांचं गाव, त्यांचा मेलेला भाऊ, त्यांचा पगार, त्यांची भीती.

आणि आन्नेचं, माझ्या आईचं. तिच्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही, पण त्या दिवशी टेबलापाशी बसून, पडद्यावर तो एकच पंप पुन्हा पुन्हा येताना बघत मला सगळं आठवत गेलं. मी बारा वर्षांची होते. आन्ने पलंगावर आडवी, पोटावर चकचकीत मलम, भिंतीवर बाळांचे फोटो. डॉक्टर म्हातारा होता, चांगला होता. बराच वेळ यंत्र फिरवून त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “आईला सांग, बाळाच्या हृदयाचा आवाज येत नाही.” मला प्रत्येक शब्द येत होता. बाळ, हृदय, आवाज. मला वाटलं, शांत बाळ आहे, बरं झालं, आमच्या इमारतीतली बाकीची बाळं काय कोकलतात. मी आन्नेला हसत सांगितलं, बाळाच्या हृदयाचा आवाज येत नाही. आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. जे मला कळलं नव्हतं ते माझ्यातून गेलं होतं, अख्खंच्या अख्खं, एक कण न सांडता, आणि तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिने माझा हात धरला तो इतका घट्ट की मी ओरडले. नंतर कितीदा तरी मला वाटलं, मला कळलं असतं तर मी काय केलं असतं? त्या शब्दांत थोडं पाणी घातलं असतं का? पण खरं सांगते, दुःखाइतकंच मला त्या दिवशीचं आश्चर्य आहे. एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान पोरीतून गेली कशी? दार लहान, आत काही नाही, आणि त्यातून मरण सरळ चालत गेलं.

“सापडलं का?” क्रोमरने पलीकडून ओरडून विचारलं. “की पंपांनी गोदाम भरू देऊ?”

“ही चाचणीची यंत्रणा आहे. एकही पंप हललेला नाही.”

“माझं रक्त हललंय ना.”

मी नियमांच्या पानावर गेले. कुठला निरोप कुणाकडून आला तर कुठे पाठवायचा, हे तिथे ठरवलेलं असतं. आणि तिथे माझीच करणी होती. पाठवणाऱ्याच्या जागी नाव न घालता मी एक तारा, चांदणीची खूण, टाकून दिला होता. तारा म्हणजे कुणीही. मागणी कुणाकडूनही येवो, ती माझ्या प्रोसेसकडे जावी. नवीन गिऱ्हाईक जोडलं की दर वेळी नाव घालत बसायला नको, असा माझा हुशार हिशेब. पण प्रोसेस तीच मागणी त्याच तिसऱ्या दारातून गोदामाकडे पाठवत होती. आणि कुणीही म्हणजे ती स्वतःही. दाराबाहेर पडलेली मागणी वळून परत तिच्याकडे येत होती, ती बिचारी ती नवी समजून घेत होती, पुढे पाठवत होती, आणि ती परत येत होती. आमच्या धंद्यात ही चूक नवखे करतात. मी करावी याचं मला हसू आलं, आणि हसता हसता मी थांबले. पडद्यावर एकामागून एक ओळी उमटत होत्या, सगळ्या सारख्या, एकीचीही वाट बघणारं जगात कुणी नाही. जे कानावर पडेल ते आपल्यालाच सांगितलंय असं समजणारी ती यंत्रणा माझ्या इतकी ओळखीची निघाली की मला तिची लाज वाटेना, माया वाटली. सकाळपासून बाबांच्या ‘नको’चं मी हेच केलं होतं. ते त्यांनी डॉक्टरला पाठवलं होतं. मी ते स्वतःला पाठवलेलं समजून घेतलं, त्यावर रडले, चिडले, मनात बाबांशी भांडले, ते पुढे ढकललं, ते परत आलं, आणि मी ते पुन्हा नव्याने घेतलं.

मी तारा पुसला आणि तिथे गिऱ्हाईकाचं नाव घातलं. ओळी थांबल्या. क्रोमर येऊन माझ्या खांद्यामागे उभा राहिला, आणि मी त्याच्यासमोर एक ताजी मागणी सोडली. ती आत गेली. गोदामाकडे गेली, ट्रकवाल्याकडे गेली. मग काही नाही. पडद्यावर प्रोसेस नुसती वाट बघत होती. मला ही वेळ फार आवडते. माणूस वाट बघतो तेव्हा पाय हलवतो, घड्याळ बघतो, शिव्या घालतो. ती तसलं काही करत नाही. ट्रकवाल्याचं उत्तर आधी आलं, तिने ते ओळखून बाजूला धरलं. मग गोदामाचं आलं. एकमेकांना कधी न भेटलेले तीन निरोप एका मागणीच्या क्रमांकावरून एकमेकांना ओळखून शेजारी शेजारी उभे राहिले, आणि उत्तर निघालं. मध्ये कुणीही नव्हतं. हजारदा बघितलंय मी हे, आणि दर वेळी मला वाटतं की हे होणं शक्य नाही आणि तरी झालं.

“वा,” क्रोमर म्हणाला. मग त्याने प्रेत्सेलचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. “तरीपण मी म्हणतो, त्या दाराला मालक दे. नाहीतर त्याच्यामध्ये एक रूपांतर बसव. आलेला निरोप जरा साफसूफ करून पुढे पाठवायचा. तुला येतं की ते.”

रूपांतर मला येतं. ते बसवणं म्हणजे हातचा मळ. निरोप आत येतो एक आणि बाहेर जातो दुसरा, आणि दोन्ही टोकांना पत्ता लागत नाही. ट्राममध्ये बसून नेकारवरचा पूल ओलांडताना मी तेच घोकत होते. ‘नको’च्या जागी ‘विचार करतोय’. किंवा ‘आधी समजावून सांगा’. किंवा सरळ ‘हो’. बाबांना काय कळणार? डॉक्टर कागद पुढे सरकवेल, मी म्हणेन ही नुसती तपासणीची सही आहे, ते करतील, त्यांनी आयुष्यभर मी दाखवेन तिथे सही केली आहे. आणि ते जगतील. मला ते जगायला हवे होते. इतके हवे होते की पुलाच्या कठड्याकडे बघताना माझे दात एकमेकांवर दाबले जात होते. खाली नदी मे महिन्याच्या उन्हात रुंद आणि हिरवी होती, काठावर पोरं उघड्या अंगाने पडली होती, कुणाच्या तरी खिडकीत गेल्या वर्षीच्या विश्वचषकाचा झेंडा अजून फिकट होऊन लटकत होता. बाबा इस्पितळाच्या थांब्यावर उभे होते. सूट घातलेला, दाढी गुळगुळीत, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत शहराबाहेरच्या त्यांच्या वाफ्यातल्या घेवड्यासारख्या बाकल्याच्या शेंगा.

“हे काय?”

“डॉक्टरला,” बाबा म्हणाले. “नाही म्हणायला जायचं तर मोकळ्या हाताने कसं जायचं?”

“बाबा, तिथे असलं काही घेत नाहीत.”

“शेंगा कोण घेत नाही?” ते म्हणाले आणि चालायला लागले. दोन जिन्यांनंतर ते भिंतीला हात लावून उभे राहिले, आणि मी खिडकीतून काहीतरी बघायला थांबल्यासारखं केलं.

डॉक्टर हॉर्नुंग माझ्याहून लहान असतील. केस कापलेले, पायात लाकडी तळव्यांच्या चपला. त्यांनी शेंगा घेतल्या. पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, ह्याची सालं काढायची का? मी बाबांना विचारलं, बाबांनी मला सांगितलं, मी त्यांना सांगितलं की कोवळ्या आहेत, सालासकट शिजवा, वर दही. मग त्या बसल्या. बाबा बसले. मी दोघांच्या मध्ये, टेबलाच्या अरुंद बाजूला, नेहमीच्या जागी उभी राहिले.

“ताश्किरान साहेब,” डॉक्टर म्हणाल्या, बाबांकडे बघत, “काय ठरवलंत?”

मी ते तुर्कीत सांगितलं.

“नको,” बाबा म्हणाले. “यंत्राला बांधून घ्यायला मी काय बकरी आहे?”

आणि ते माझ्यापाशी आलं. बाहेर कुणीतरी गाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक किरकिरत होतं. मला ते बदलता आलं असतं. शब्द तयार होते, जर्मन वाक्य पुरं जुळलेलं होतं, क्रियापदासकट. कुणालाही कळलं नसतं. फक्त मग ते वाक्य माझं झालं असतं, बाबांच्या तोंडचं कुणीच काही ऐकलं नसतं, आणि बाबांना माझ्याखेरीज तोंड नव्हतं. मला त्या क्षणी भीती वाटली, पण त्याहून जास्त आदर वाटला. कुणाबद्दल ते कळेना. त्या ‘नको’बद्दलच बहुतेक. लहानसं, साधं, एका म्हाताऱ्या माणसाचं.

“मला नको,” मी जर्मनमध्ये म्हटलं. “यंत्राला बांधून घ्यायला मी काय बकरी आहे?”

डॉक्टर हसल्या नाहीत. बाबांकडे बघत राहिल्या. मग विचारलं, “तुम्हाला भीती कशाची वाटते?”

मी ते दिलं. बाबांनी मिशीवरून हात फिरवला.  मग बोलले ते डॉक्टरशी, माझ्याकडे एकदाही न बघता, सलग, आणि घरात मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“आठवड्यातून तीनदा यायचं. मी आलो की माझी मुलगी येणार. मी नको म्हटलं तरी येणार, मी ओळखतो तिला. नऊ वर्षांची होती, तेव्हा शाळा बुडवून माझ्या पाठीसाठी उभी राहिली. तिच्या आईच्या वेळी जे कुठल्या पोरीने बोलू नये ते बोलली. मी तेव्हा बाहेर बाकावर बसलो होतो, मला बायकांच्या खोलीत जायची लाज वाटली. माझी मुलगी सगळा जन्म दोन माणसांच्या मध्ये उभी आहे, डॉक्टर. तुम्ही आत्तासुद्धा बघा. आम्ही दोघं बसलोय. ती उभी आहे.”

ते थांबले. आता माझी पाळी होती. मी तोंड उघडलं आणि नऊ वर्षांची असल्यापासून जसं बोलत आले तसंच बोलले. “मी आलो की माझी मुलगी येणार,” मी म्हटलं. “मी ओळखतो तिला.” प्रत्येक शब्द त्यांचा, माझ्या आवाजात. “माझी मुलगी सगळा जन्म दोन माणसांच्या मध्ये उभी आहे.” मी स्वतःबद्दल ऐकत होते, आणि सांगतही मीच होते, आणि मला एक शब्दही थांबवता येत नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं पण आवाज हलला नाही. हे सगळं त्यांना माहीत होतं. बाहेरच्या बाकावर बसून सगळं माहीत होतं. “आम्ही दोघं बसलोय. ती उभी आहे.”

डॉक्टर उठल्या, भिंतीपाशी ठेवलेली खुर्ची ओढून माझ्यामागे ठेवली आणि परत जागेवर गेल्या. मी बसले.

“मुलीने यायची गरज नाही,” त्या बाबांना म्हणाल्या. “डायलिसिसच्या खोलीत आमच्या दोन नर्स तुर्की बोलतात. तुमची सगळी सोय होईल. मुलीवर कसलंही ओझं नाही.”

“मुलीने यायची गरज नाही,” मी बाबांना सांगितलं. “नर्सना तुर्की येतं.”

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा मोकळा होईल. तो पडला. “असं का?” ते म्हणाले. “बरं.” आणि कोटाचं बटण लावायला लागले, निघायची वेळ झाल्यासारखे. डॉक्टरांना शब्द कळले नसतील, पण बटण दिसलं.

“तुमच्या मुलीला काय वाटतं?” त्यांनी बाबांना विचारलं.

मी ते दिलं. माझ्याबद्दलचा प्रश्न मी बाबांना विचारला. बाबा बटणाशी झटत म्हणाले, “तिलाच विचारा.” तेही मी पलीकडे दिलं. “तिलाच विचारा,” मी डॉक्टरांना म्हटलं.

मग डॉक्टर हॉर्नुंग वळल्या आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या भेटींत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, आणि कुणीच कधी बघितलं नव्हतं, कुठल्याच खिडकीतून. “तुम्हाला काय वाटतं?” त्यांनी मला विचारलं, आणि माझ्यामागे कुणी बोलत नव्हतं. मी वाट बघितली. कुठूनही काही आलं नाही. शब्द आता माझेच लागणार होते.

“बाबा,” मी तुर्कीत म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. “मला तुम्ही हवे आहात. मी येणार. बोलायला नाही. शेजारी बसणार, पेपर वाचणार, तुमच्याशी भांडणार. नर्सला सांगा काय सांगायचं ते. मी नुसती बसणार. मला हवे आहात तुम्ही.”

बाबांचा हात बटणावर थांबला. डॉक्टर माझ्याकडून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कुणी काही देत नव्हतं. मी द्यायला हवं होतं, पण माझ्याच्याने होईना. हुंदका गिळायलाच मला दोन्ही हात तोंडावर धरावे लागले होते. ते तुर्की वाक्य त्या पांढऱ्या खोलीत मध्येच राहिलं, आणि ते पुढे न्यायला कुणी नव्हतं. मग बाबांनी घसा साफ केला. खुर्चीच्या कडेला सरकले, पाठ ताठ केली, शाळेत उभं केल्यासारखी. आणि ओतशाळेत तीस वर्षं मुकादमांच्या ओरडण्यातून उचललेल्या, हातोड्याने ठोकलेल्या त्यांच्या जर्मनमध्ये, एकेक शब्द शोधत, ते डॉक्टरांना म्हणाले, “मुलगी बोलते... मुलगी येणार. काम नाही. बसणार. मला... पाहिजे म्हणते.”

“आणि तुम्ही?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कोट काढला. सदऱ्याचं डाव्या मनगटावरचं बटण सोडून बाही कोपराच्या वर सारली, आणि तो भाजल्याच्या जुन्या ठिपक्यांचा, पातळ झालेला हात टेबलावर डॉक्टरांपुढे ठेवला.

“हा हात,” बाबा म्हणाले. “कधी कापणार?”